माओची कुठली तार खरी? शेन झिहुआ, मॉस्कोतले कागद आणि कोरियाचं युद्ध

तळटीप (धागाकर्ता)

कोरियाच्या युद्धाबद्दल माझ्या वाचनात आलेलं मराठी लेखन बहुतेक अमेरिकी सेनापती मॅकआर्थर, इंचॉन बंदर आणि दोन कोरियांमधली ३८व्या अक्षवृत्ताची सीमा यांच्याभोवती फिरतं. या धाग्यात लढाया बाजूला ठेवून त्या युद्धाच्या कागदांबद्दल आणि ते कागद शोधणाऱ्या एका इतिहासकाराबद्दल लिहितोय.

शेन झिहुआ यांचा जन्म १९५०चा. कोरियात युद्ध पेटलं तेच वर्ष. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बीजिंगमध्ये इतिहास शिकताना सरकारी गुपितं फोडल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि दोन वर्षं तुरुंगात गेली. सुटल्यावर विद्यापीठात जागा मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी दक्षिण चीनमध्ये जाऊन धंदा सुरू केला, सोन्याच्या व्यापारात चांगला पैसा मिळवला, आणि नव्वदच्या दशकात तोच पैसा घेऊन इतिहासाकडे परतले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोतली दप्तरं उघडू लागली होती, पण नकलांचे दर भारी होते आणि कुठली संस्था खर्च करायला तयार नव्हती. शेननी स्वतःच्या खिशातले दहा लाखांहून जास्त युआन घातले आणि मिळतील तेवढे रशियन कागद चीनमध्ये आणले. पुढे त्या संग्रहाचे चिनी भाषेत मोठे खंड निघाले. शेन आज शांघायच्या ईस्ट चायना नॉर्मल विद्यापीठात आहेत.

आता तारांची गोष्ट. ती नीट सांगतो, कारण सगळा जीव तिच्यात आहे.

१५ सप्टेंबर १९५०ला अमेरिकी फौज इंचॉनला उतरली आणि दक्षिणेवर चढाई केलेल्या उत्तर कोरियाच्या सैन्याची पार दाणादाण उडाली. १ ऑक्टोबरला स्टालिनने माओ आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना तार केली: निदान पाच-सहा डिव्हिजन ताबडतोब ३८व्या अक्षवृत्ताकडे पाठवा, हवं तर त्यांना स्वयंसेवक म्हणा. माओने काय उत्तर दिलं?

चीनमध्ये १९८७ साली निघालेल्या माओच्या कागदपत्रांच्या संग्रहात २ ऑक्टोबरची तार आहे. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की आम्ही फौज पाठवायचं ठरवलं आहे. त्यावरून पुष्कळ अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की माओ पहिल्या दिवसापासून ठाम होता.

मग मॉस्कोतून दुसरा कागद बाहेर आला. बीजिंगमधले सोव्हिएत राजदूत रोश्चिन यांनी ३ ऑक्टोबरला माओचं उत्तर स्टालिनला कळवलं, त्याची ही प्रत. यात माओ जवळपास उलट बोलतो. काही डिव्हिजन पाठवून कोरियाचा प्रश्न सुटणार नाही, अमेरिका आणि चीन यांच्यात उघड युद्ध पेटेल, सोव्हिएत संघही त्यात ओढला जाईल, पक्षातल्या अनेक साथींना वाटतं की सबुरीने घ्यावं. हा अंतिम निर्णय नाही, चौ एन-लाय आणि सेनानी लिन बियाव यांना बोलणीसाठी पाठवतो, असंही आहे.

विषय एक, तारीख जवळपास एक, सही करणारा एक, आणि मजकूर परस्परविरुद्ध! साहजिकच यातला एक कागद बनावट असणार अशी शंका घेतली गेली. काहींचा रोख रशियन कागदावर होता, काहींचा चिनी. शेननी दोन्ही कागद शेजारी ठेवले. चिनी प्रत माओच्या स्वतःच्या अक्षरात आहे, म्हणजे अस्सल आहे. पण तार रवाना झाली की मूळ कागदावर ज्या नोंदी होतात त्या तिच्यावर नाहीत. माओने मसुदा लिहिला, बैठकीत बहुतेक सहकाऱ्यांनी विरोध केला, मसुदा तसाच राहिला आणि रोश्चिनमार्फत वेगळं उत्तर गेलं, असा उलगडा त्यांनी मांडला. दोन्ही कागद खरे, मॉस्कोला पोचला एकच.

त्यानंतरचे दिवस पाहा. ५ ऑक्टोबरला सेनापती पंग द-ह्वाय फौज पाठवण्याच्या बाजूने उभा राहतो. ८ला माओ हुकूम काढतो. चौ काळ्या समुद्राकाठी स्टालिनला भेटतो तेव्हा कळतं की सोव्हिएत विमानांचं छत्र इतक्यात मिळणार नाही. १२ला माओ फौज थांबवतो. १३ला पुन्हा ठरतं की जायचंच. १९ ऑक्टोबरला चिनी फौज सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून कोरियात शिरते. छापील इतिहासात जो एक सरळ निर्धार दिसतो, त्याच्या जागी कागदांत भीती, वाद आणि घासाघीस दिसते. त्यानंतरच्या तीन वर्षांत लाखो माणसं मेली. त्यात माओचा मुलगा आन-यिंगही होता, २५ नोव्हेंबर १९५०ला. तो निर्णय कसा झाला हे नेमकं कळणं ही त्या मेलेल्यांच्या घरच्यांची गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

स्टालिनने या युद्धाला होकार का दिला हा दुसरा मोठा प्रश्न. उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंग १९४९भर हल्ल्याची परवानगी मागत होता आणि मॉस्को नाही म्हणत होतं. ३० जानेवारी १९५०ला स्टालिनने प्याँगयांगमधल्या राजदूताला तार करून कळवलं की मी किमला मदत करायला तयार आहे. त्याच तारेत वर्षाला किमान २५,००० टन शिसं पाठवण्याची मागणीही आहे. शेन यांचं म्हणणं असं की चीनशी होणाऱ्या नव्या करारात मांचुरियातली रेल्वे आणि ल्युशुन बंदर सोडावं लागणार हे दिसल्यावर स्टालिनला पॅसिफिककडे दुसरी वाट हवी होती, आणि ती कोरियातून जात होती.

जाणकारांनी भर घालावी.

---

आवक_जावक

मी महसूल खात्यात अभिलेख कक्षात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचा तारांचा परिच्छेद दोनदा वाचला. ज्याने कचेरीत काम केलंय त्याला शेन यांचा युक्तिवाद लगेच पटेल. नस्तीत (फाइलीत) साहेबांच्या हातचा मसुदा असतो, त्यावर खाडाखोड असते, पण पत्र गेलं की नाही हे मसुदा सांगत नाही. ते जावक नोंदवही सांगते. जावक क्रमांक नसेल तर ते पत्र कचेरीबाहेर गेलं असं कुणी धरत नाही, मग अक्षर कितीही ओळखीचं असो.

आणि समोरच्या कचेरीची आवक पाहिल्याशिवाय खात्री नाहीच. शेननी मॉस्कोची आवक पाहिली. ज्यांनी फक्त माओच्या छापील संग्रहावर विसंबून निष्कर्ष काढले त्यांच्याकडे ती नव्हती.

आणखी एक सांगतो. आमच्याकडे अभिलेखांची वर्गवारी असते, अ वर्ग कायम जतन, ड वर्ग वर्षभरात रद्द. काय राहणार आणि काय जाणार हे त्या दिवशीचा कारकून ठरवतो. पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक त्याच्या मर्जीवर असतो. ही जबाबदारी फार मोठी आहे, आणि ती सोपवताना कुणी नवीन माणसाला समजावून सांगत नाही.

---

ओजस_न

लेख आवडला. एक शंका आहे. रशियन कागद बाहेर आले ते कुणाच्या इच्छेने? १९९४च्या जूनमध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष किम यंग-सॅम यांना कागदांचा गठ्ठा भेट दिला. भेट देणारा आपल्याला अडचणीचे कागद देईल का? युद्धाचं खापर स्टालिन आणि किमवर फोडणं तेव्हाच्या रशियाला सोयीचंच होतं.

---

तळटीप

ओजस, शंका अगदी रास्त आहे. त्या गठ्ठ्यात २१६ कागद होते, एकूण ५४८ पानं. निवड रशियन सरकारची होती, आणि मधले दुवे गायब आहेत हे तो वाचणाऱ्यांनीच तेव्हा दाखवून दिलं. म्हणून शेन आणि अमेरिकेतल्या इतिहासकार कॅथरिन वेदर्सबी यांच्यासारख्यांनी एकाच अभिलेखागारावर भरवसा ठेवला नाही. अध्यक्षीय अभिलेखागार, परराष्ट्र खात्याचं अभिलेखागार, चिनी छापील संग्रह, चिनी सेनापतींच्या आठवणी, हे सगळं ताडून पाहिलं.

निवड किती छळते याचं याच युद्धातलं उदाहरण सांगतो. अमेरिकेने कोरियात जंतुयुद्ध केलं असा आरोप चीन आणि उत्तर कोरियाने १९५२ साली केला होता. १९९८च्या जानेवारीत जपानच्या सांकेई शिंबुन या दैनिकाने मॉस्कोतले बारा कागद छापले. त्यांवरून दिसतं की पुरावे रचलेले होते, आणि स्टालिन गेल्यावर १९५३मध्ये मॉस्कोनेच हा प्रचार थांबवायला सांगितलं. पण हे कागद हाताने उतरवून आणलेले होते. मूळ कागदाची छायाप्रत नाही, शिक्का नाही. मजकुरातले बारकावे इतर माहितीशी जुळतात म्हणून बहुतेक अभ्यासक ते मानतात, मीही मानतो. तरी मूळ कागद पाहायला मिळेपर्यंत विरोधकांना बोलायला जागा राहणारच, आणि ती जागा दप्तर बंद ठेवणाऱ्यांनी करून दिली आहे.

---

शरयू

स्टालिनच्या हेतूबद्दल मी शेन यांच्याशी सहमत नाही. बंदराचा मुद्दा वजनदार आहे, पण चीन-सोव्हिएत करारावर सही झाली १४ फेब्रुवारीला आणि तार आहे ३० जानेवारीची. वेदर्सबींचा भर अमेरिकेवर आहे आणि मला तो जास्त पटतो. १२ जानेवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांनी भाषणात आपली संरक्षणरेषा सांगितली, तिच्यात दक्षिण कोरिया नव्हता. चीनमध्ये माओ जिंकला तेव्हा अमेरिका सैन्यासह मध्ये पडली नव्हती. अमेरिका कोरियासाठी लढणार नाही असं वाटल्यावर स्टालिनने पत्ता टाकला.

दुसरं, तुम्ही एक भारतीय कागद विसरलात. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चौ एन-लायनी आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकी फौजेने ३८वं अक्षवृत्त ओलांडलं तर चीन स्वस्थ बसणार नाही. पणिक्करांनी ते दिल्लीला कळवलं, दिल्लीने लंडन आणि वॉशिंग्टनला. वॉशिंग्टनने ते धमकावणी म्हणून बाजूला सारलं, कारण पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असा तिथे समज होता. त्याच सुमारास माओ स्टालिनला सांगत होता की आम्ही इतक्यात येत नाही! तीन राजधान्यांमधले तीन कागद मांडल्याशिवाय ही रात्र समजतच नाही.

---

तळटीप

शरयू, पणिक्करांबद्दल लिहिलंत ते फार छान झालं. अमेरिकेला जरब बसावी आणि त्याच वेळी स्टालिनकडून जास्त मदत पदरात पडावी, असे दोन्ही हेतू असू शकतात. माओचं न पाठवलेलं "हो" लक्षात घेतलं तर चौंची ताकीद पोकळ नव्हती असंच मला दिसतं.

तारखांबद्दल: शेन यांचं उत्तर असं आहे की सही फेब्रुवारीत झाली तरी रेल्वे आणि बंदराबद्दलच्या चिनी अटी सोव्हिएत बाजूने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मूलतः मान्य केल्या होत्या, म्हणजे ३० तारखेच्या आधी. हे जुळतं. पण जुळणं म्हणजे कारण असणं नव्हे, हा तुमचा आक्षेप उरतोच. स्टालिनने मनातलं कारण कुठे लिहून ठेवलेलं सापडलेलं नाही.

---

मीरा_सोल

मी बरीच वर्षं सोलमध्ये राहते. इथल्या लोकांसाठी हा विषय अभ्यासाचा कमी आणि घरचा जास्त आहे. जवळपास प्रत्येक जुन्या घरात कुणीतरी उत्तरेत राहून गेलेलं आहे. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजवर नाही.

कागदांच्या बाबतीत आणखी एक मोठा साठा आहे. १९५०च्या शरदात संयुक्त राष्ट्रांच्या फौजा प्याँगयांगमध्ये शिरल्या तेव्हा उत्तर कोरियाची सरकारी दप्तरं उचलून अमेरिकेत नेली गेली. लाखो पानं आहेत. पक्षाच्या बैठकींचे वृत्तांत आहेत, शाळांची पुस्तकं आहेत, सैनिकांची खासगी पत्रं आणि वह्याही आहेत. ती मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या प्रती इथल्या राष्ट्रीय इतिहास संस्थेने आणून ठेवल्या आहेत. स्टालिन आणि माओच्या तारा वाचताना कोरियन माणसं जणू सोंगट्या वाटायला लागतात. या पत्रांमध्ये ती दिसतात. मुलगा आईला विचारतो की भात कापून झाला का. ते पत्र आईपर्यंत पोचलंच नाही, ते शत्रूच्या गोदामात जाऊन पडलं.

शेन यांना इथे खूप मान आहे. २०१७ साली त्यांनी दाल्यानमध्ये व्याख्यान दिलं, त्यात उत्तर कोरिया चीनचा मित्र उरलेला नाही, उलट दक्षिण कोरिया मित्र होऊ शकतो, असं मांडलं. चीनमध्ये त्यावरून त्यांच्यावर फार टीका झाली. एकदा तुरुंग पाहिलेला माणूस हे जाहीर बोलतो याचं मला विशेष वाटतं.

---

पंचगंगा

कोल्हापूरच्या माणसाने इथे लिहिलंच पाहिजे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परत जायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त युद्धकैदी ज्या भारतीय फौजेच्या ताब्यात होते, तिचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आमच्या वडगावचे. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवायला मनाई केली होती, म्हणून आपल्या जवानांना इंचॉनहून हेलिकॉप्टरने दोन्ही बाजूंच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं.

सप्टेंबर १९५३मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून आत ओढून नेलं. थोरात कुंपणाच्या आत, चिडलेल्या जमावात बिनहत्यारी गेले आणि बोलत बोलत त्याला सोडवून आणलं. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर शेकडो मेले असते आणि शस्त्रसंधीही धोक्यात आली असती. आमच्याकडे थोरातांचं नाव घेतात ते १९६२च्या संदर्भात, कोरियाबद्दल फार थोड्यांना ठाऊक आहे. ही कागदपत्रं कुठे असतील? कुणी पाहिली आहेत का?

---

नेफा_६२

पंचगंगा यांनी १९६२चं नाव काढलं म्हणून लिहितो. माझे वडील तेव्हा सैन्यात होते.

थोरात पूर्व विभागाचे सेनापती असताना १९५९मध्ये त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाचा आढावा तयार केला होता आणि मार्च १९६०मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन चिनी हल्ला कसा येईल ते मांडलं होतं. त्याकडे दुर्लक्ष झालं. पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी केली, २ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी संसदेत तिचे निष्कर्ष थोडक्यात सांगितले. अहवाल मात्र आजही गोपनीय आहे. एप्रिल २०१०मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर आजच्या घडीलाही संवेदनशील आहे. २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या जवानांचा इतिहास परदेशी पत्रकाराच्या संगणकावरून वाचायचा!

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी पी. बी. सिन्हा आणि पुण्याचे कर्नल अनिल आठले यांनी या युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिला, तो १९९२ला तयार होता. तोही लोकांनी वाचला तो फुटल्यामुळे. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनी जाहीरपणे सांगितलं की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांची कागदपत्रं आमच्याकडे आलेलीच नाहीत. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, २०२१चं संरक्षण मंत्रालयाचं धोरण आहे, त्यात साधारण २५ वर्षांनी कागद खुले करावेत असं लिहिलंय. लिहिलंय खरं.

शेन यांच्याकडे पैसा होता म्हणून ते मॉस्कोला गेले. आमच्याकडच्या अभ्यासकाने पैसा जमवला तरी जायचं कुठे?

---

ओजस_न

पण सगळंच खुलं करता येईल का? सीमेचा वाद अजून मिटलेला नाही. नकाशे, चौक्यांच्या जागा, वाटाघाटीतली आपली भूमिका, हे उघड करून समोरच्याच्या हातात द्यायचं?

---

आवक_जावक

नकाशे वेगळे काढून ठेवा. नस्तीतली चार पानं गोपनीय असतील तर ती झाकून बाकीची देतात, ही रीत सगळीकडे आहे. चार पानांसाठी चारशे पानं कुलपात ठेवण्याला कारण नाही. शिवाय कुलपात कागद नीट राहतो असं नाही. वाळवी आणि ओल गोपनीय शिक्का पाहत नाहीत. साठ वर्षांची नस्ती कुणी उघडलीच नाही तर ती टिकली आहे की नाही हेही कळत नाही.

---

शरयू

चीनचंही पाहा. त्यांच्या परराष्ट्र खात्याने २००४पासून टप्प्याटप्प्याने १९४९ ते १९६५ची कागदपत्रं खुली केली होती. १९६२वर काम करणाऱ्यांना त्यातून नवीन साहित्य मिळालं. २०१२-१३पासून त्यातलं बहुतेक परत बंद झालं. ज्यांनी तेव्हा नकला उतरवून घेतल्या त्यांच्याकडेच आता ते आहे. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं का उतरवून घेत होते ते अशा वेळी कळतं. शेन यांनी वेळ साधली हे त्यांचं सर्वांत मोठं काम आहे, विश्लेषणापेक्षाही.

---

मीरा_सोल

शरयू, सहमत. आणि थोडी वेगळी बातमी: २०१४पासून दक्षिण कोरिया आपल्या भूमीत सापडलेले चिनी सैनिकांचे अवशेष दर वर्षी चीनला परत देतो. पहिल्या खेपेत ४३७ होते. ते शेनयांगला पुरले. ओळख पटवायला पलटणींच्या नोंदी लागतात, म्हणजे पुन्हा दप्तरच.

---

तळटीप

नेफा_६२, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण जेवढं उघडं आहे तेवढं तरी आपण वाचलेलं नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर परराष्ट्र खात्याच्या पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच फायली आहेत. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. पंचगंगा, थोरातांच्या फौजेसाठी तिथे 'कस्टोडियन फोर्स इंडिया' आणि 'न्यूट्रल नेशन्स रिपॅट्रिएशन कमिशन' अशी इंग्रजी नावं घालून शोधा, नुसतं 'कोरिया' घातलं तर ढिगाने येतं. रशियन तारांचे इंग्रजी अनुवाद वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहात आहेत, १ आणि ३ ऑक्टोबर १९५०च्या दोन्ही तारा तिथे वाचता येतील.

---

पंचगंगा

आभारी आहे. आज रात्रीच बसतो. फायलींचे क्रमांक मिळाले की इथे टाकतो. टंकलिखित इंग्रजी वाचून सारांश करायला दोघं-तिघं लागतील.

---

आवक_जावक

मला पाठवा. जुनी टिपणं वाचायची सवय आहे.